धाचा ना होत असेल तर आधी रबर बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑर्केस्ट्रात गाता, स्टेजसाठी दोन हजारांचे इन-इअर (कानाच्या आत बसणारे) इअरफोन घेतलेत. सुचवणारा म्हणाला होता बेस भरपूर आहे, तुम्हाला मात्र आवाज पातळ लागतो. 'स' आणि 'च' टोचतात. डाव्या कानातला दुसऱ्या गाण्यापर्यंत निसटून खांद्यावर आलेला असतो. टिपा बदलून खरंच फरक पडतो, की सरळ सहा-सात हजारांचा नवा घ्यावा?

नवा घेऊ नका, निदान इतक्यात तरी. तक्रारी तीन आहेत, पण मला त्या एकाच जागेवरून आलेल्या दिसतात: टिप, म्हणजे आपण सगळे ज्याला रबर म्हणतो ते. मी वीसएक वर्षं स्टेजच्या कडेला बसून मॉनिटर मिक्स करतोय, कोणाच्या कानात काय जातं हे बघणं हाच माझा धंदा. 'इअरफोन गेला' म्हणून माझ्याकडे आलेल्यांपैकी बरेच जण नुसतं रबर बदलून परत गेलेत.

आधी एक प्रयोग करा. फोनवर तीनतालाचा साधा ठेका लावा, मध्य लयीत, नुसता तबला. इअरफोन रोजच्यासारखे घाला. धा म्हणजे डग्ग्यावरचा घे आणि उजव्या तबल्याच्या काठावरचा, चाटेवरचा, ना एकदम. त्यातून डग्गा काढून घेतला तर धाचा ना उरतो, धिंचा तिं. तुम्हाला सोळाच्या सोळा मात्रा खालीसारख्याच, म्हणजे डग्ग्याविना, ऐकू येत असतील तर डग्गा मध्येच कुठेतरी गळतोय. आता दोन्ही इअरफोन बोटांनी हलकेच आत दाबून धरा. घे एकदम भरून आला, त्याची मींड (सुराची घसर) कळायला लागली, तर इअरफोनमध्ये बेस आहे. तो तुमच्या कानापर्यंत टिकत नाही, एवढंच. (दाबताना इअरफोनच्या अंगावरचं बारीक भोक बोटाखाली येऊ देऊ नका. हवा जायची ती वाट असते, ती बंद झाली की बेस उगाच कमीजास्त होतो आणि निष्कर्ष चुकतो.)

असं का होतं? हॉलमध्ये खालचा आवाज हलवायला आम्ही अठरा इंची सब, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, लावतो. इअरफोनमधला डायफ्रॅम, म्हणजे हलून आवाज काढणारी पातळ चकती, जेमतेम दहा मिलिमीटरचा, आणि तरीही तो डग्गा वाजवतो, कारण त्याला हॉल भरायचा नसतो. टिपेचं तोंड आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये साधारण घनसेंटिमीटरभर हवा उरते. ती नीट कोंडलेली असेल तर डायफ्रॅम केसभर हलला तरी दाब बदलतो आणि तो पडद्याला कळतो. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दट्ट्या हलवून बघा. अंगठा घट्ट असेल तर दट्ट्या हळू ढकला नाहीतर झटक्याने, दाब जाणवतोच. अंगठा किंचित सैल करा: झटका दिलात तर अजूनही दाब लागतो, पण हळू ढकललंत तर हवा फुस्सकन निघून जाते. बेस म्हणजे हे हळू ढकलणं. ५० हर्ट्झची लाट हवेला निसटायला पुरेसा वेळ देते, ५००० हर्ट्झची देत नाही. म्हणून फट पडली की वरचा आवाज शाबूत राहतो आणि तळ जातो. फट डोळ्यांना दिसणारही नाही अशी असते, पण १०० हर्ट्झच्या खाली दहा डेसिबल आणि त्याहूनही जास्त घसरण ती सहज करते.

तुमचा 'स' टोचतो त्याचं अर्धं कारण इथेच आहे. वर काही वाढलेलं नाही, खालचं वजन गेलंय, म्हणून वरचं उघडं पडलंय. आणि म्हणूनच इक्वलायझरवर बेस वाढवून हे दुरुस्त होत नाही. गळक्या हंड्यात पाणी ओतत राहण्यातला प्रकार. शिवाय डायफ्रॅम जास्त हलायला लागून आवाज फाटतो, आणि मध्येच कधी रबर नीट बसलं की डोक्यात नगारा वाजतो.

आता साइज. सैल होतंय म्हटलं की दुकानदारापासून मित्रापर्यंत सगळे सांगतात, 'मोठं रबर लाव.' अर्ध्या वेळा हा सल्ला उलटा पडतो. कानाची नळी गोल पाइपसारखी नसते. साधारण अडीच सेंटिमीटर लांब, लंबगोल, दोन ठिकाणी वळलेली. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, मऊ, पुढचा हाडाचा. गरजेपेक्षा मोठं रबर तोंडाशीच अडतं, दुमडतं, त्याच्या कडेला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीचीच एक नळी होऊन हवा बाहेर जाते. शिवाय ते सतत स्वतःला बाहेर ढकलत असतं. तुमच्या डाव्या कानात हेच होत असावं असा माझा अंदाज आहे. एक नंबर लहान रबर दोन-तीन मिलिमीटर जास्त आत जातं आणि तिथे, नळी जरा अरुंद होते तिथे, घट्ट बसतं. आत जाताना दुसऱ्या हाताने कानाची वरची पाळी डोक्यामागून पकडून वर आणि मागे ओढा. नळी सरळ होते. हे दहा सेकंदांचं काम कोणी करत नाही आणि मग हजार रुपयांच्या टिपा मागवतात.

दोन्ही कान सारखे असतात हाही एक गैरसमज. पुष्कळ लोकांना डाव्या-उजव्याला वेगवेगळा नंबर लागतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ॲपलने २०१९ च्या एअरपॉड्स प्रोमध्ये टिप बसली की नाही हे आतल्या माइकने तपासायची सोय दिली. ती तपासणीसुद्धा प्रत्येक कानाचा निकाल वेगळा देते. सुरुवातीला तीनच नंबर मिळायचे, २०२२ मध्ये त्यांनी आणखी एक लहान नंबर त्यात घातला.

इथपर्यंतचं कोणीही सांगेल. तुम्ही गाता, म्हणून पुढचं जास्त महत्त्वाचं.

सगळे जण रबर तपासतात ते तोंड मिटून. दुकानात उभं राहून, गप्प, मान सरळ. आणि वापरतात ते तोंड उघडून. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी लागून असतो. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, तो सरकताना लागतो. तोंड उघडलं की नळीची पुढची भिंत हलते, बहुतेकांची नळी रुंदावते. मिटल्या तोंडी घट्ट बसलेलं रबर तोंड उघडून मोठा 'आ' लावला की सुटू शकतं.

एका गायिकेबरोबर मी सलग काही महिने प्रयोग करत होतो. मध्य सप्तकात सगळं छान. तार षड्जाकडे निघाली की डाव्या हाताचं बोट वर: तानपुरा वाढवा. मी वाढवायचो. ओळ संपवून ती खाली आली की तोंड वाकडं: इतका कशाला केलात? मला वाटायचं हिचा मूड. एकदा साउंड चेकला नुसता तानपुरा चालू ठेवला आणि तिला म्हटलं, ताई, गाऊ नका, फक्त तार सा लावताना उघडता तेवढं तोंड उघडा. तिने उघडलं आणि स्वतःच चमकली. 'गेला की हो तानपुरा!' मिटलं, परत आला. पॅक (कमरेला लावायचा, इअरफोनला आवाज पोचवणारा डबा) बदलून झाला होता, वायर बदलून झाली होती, मी फेडर वर-खाली करून थकलो होतो, आणि दोष होता तीस-चाळीस रुपयांच्या रबराचा. त्या दिवशी फोमची टिप लावली आणि ते बोट परत वर गेलं नाही.

म्हणून माझी चाचणी वेगळी आहे. तानपुरा किंवा ठेका लावा, मग तोंड पूर्ण उघडा, मिटा, मान दोन्हीकडे वळवा, हसा, आवंढा गिळा. यात डग्गा कुठे पातळ झाला तर ते रबर तुमचं नाही, मग गप्प बसल्यावर ते कितीही गोड वाजो. कानाच्या मापाचे खास साचे बनवून घेणाऱ्या गायकांचं मापही याच कारणाने दातांत ठोकळा धरून, तोंड उघडं ठेवून घेतात. कोणी मिटल्या तोंडी माप घेत असेल तर तिथून उठून या.

आता टोचण्याचं उरलेलं अर्धं कारण. टिपेचं टोक आणि पडदा यांच्यामध्ये जी बंद नळी तयार होते, तिला स्वतःचा एक सूर असतो, आणि त्या सुरापाशी आवाज वर उसळतो. किती उंच, ते तिच्या लांबीवर: अर्धी लाट त्या लांबीत मावते तो. कानातल्या उबदार हवेत आवाज सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास जातो. टिप उथळ बसून २२ मिलिमीटर नळी उरली, तर हिशेब ८००० हर्ट्झच्या जवळ येतो. सहा मिलिमीटर आत गेलात, १६ उरले, की तोच सूर ११००० च्या जवळ सरकतो. कान काही फूटपट्टीने आखलेली नळी नाही, तेव्हा हा आकडा माणसागणिक बदलेल, पण दिशा बदलत नाही. आणि आपला 'स', हाय-हॅट, 'चांदणं'मधला दातांवरचा 'च', यांचा धारदार भाग नेमका सहा ते नऊ हजारांच्या पट्ट्यात असतो. म्हणजे उथळ बसलेलं रबर तुमच्या 'स'वर बरोबर बोट ठेवतं. जरा आत गेलं की तो सूर तिथून वर निघून जातो. इअरफोन तोच, फाइल तीच, ट्रेबल वेगळा.

कोणत्या हर्ट्झला किती आवाज येतो याचा ग्राफ बघून इअरफोन घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. त्या ग्राफांत ८००० पाशी जो सुळका दिसतो तो बहुतेक वेळा मोजणीच्या कृत्रिम कानातल्या नळीचा असतो. मोजणारे लोक इअरफोन मुद्दाम इतका आत बसवतात की सुळका तिथे यावा, म्हणजे एकाची दुसऱ्याशी तुलना करता येते. तुमच्या कानात तो तिथेच असेल असं नाही.

टिपेच्या तोंडाच्या रुंदीवर लोक तासन् तास भांडतात. रुंद तोंडाने वरचा आवाज मोकळा होतो, अरुंद तोंडाने थोडा मऊ, हे साधारण खरं आहे. पण माझ्या अनुभवात हा फरक रबर बसण्या-न बसण्याच्या फरकापुढे किरकोळ आहे. आधी बसवा, मग तोंडाची रुंदी बघा. बऱ्याच वेळा रुंद तोंडाचं रबर उजळ वाटतं कारण ते मऊ असतं आणि कुठेतरी गळत असतं.

सिलिकॉन की फोम, हा मात्र खरा निर्णय आहे. सिलिकॉन धुता येतं, महिनोन् महिने टिकतं, आवाज स्वच्छ ठेवतं. फोम कानाचा आकार स्वतः घेतो, त्यामुळे जबडा हलला तरी सोबत हलतो, बाहेरचा ड्रम जास्त अडवतो, वरची धारही थोडी शोषतो. तुम्हाला या तिन्ही गोष्टी हव्या आहेत. तोटे: घाम. आपल्याकडे मे महिन्यातला मैदानावरचा कार्यक्रम, वर पॅरकॅन दिव्यांची आग, फोम तेल-घाम पिऊन कडक होतो आणि फुगायला कुचराई करतो. रोजच्या वापरात दोन-तीन महिन्यांत तो थकतो. चुरगाळून सोडल्यावर पूर्वीसारखा सावकाश आणि पूर्ण फुगत नसेल तर फेका. लावायची रीतही आहे: दोन बोटांत वळून बारीक करा, पाळी ओढून आत घाला, आणि वीस-तीस सेकंद बोट तसंच धरून ठेवा. न धरता सोडलंत तर फुगताना तो स्वतःच बाहेर येतो आणि मग लोक म्हणतात फोम मला सूट होत नाही.

तिसरा प्रकार एकावर एक तीन छत्र्यांचा, झाडासारखा दिसणारा. एटिमोटिक कंपनीने १९९१ मध्ये आणलेल्या ईआर-४ या इअरफोनबरोबर तो संगीतवाल्यांत माहीत झाला. खोल जातो, बाहेरचं जग जवळजवळ बंद करतो, आणि पहिल्यांदा घालताना डोळ्यांतून पाणी काढतो. मी स्वतः मिक्स तपासायला तसले वापरतो. पण तीन तासांच्या कार्यक्रमात गाणाऱ्याला ते सुचवत नाही. घाईत काढताना कानात ओढ बसते, आणि गाणारा माणूस गाण्यांच्या मध्ये इअरफोन काढतोच.

आता सील झाल्यावर येणारी नवी तक्रार आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही पहिल्याच दिवशी जुनं रबर परत लावाल. कान बंद झाला की स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून गायल्यासारखा घुमतो. गळ्यातून हाडांवाटे आलेला थरथराट नळीच्या मऊ भागाला हलवतो, एरवी तो बाहेर निघून जातो, आता कोंडतो. 'ऊ' आणि 'ई' मध्ये हे सगळ्यात जास्त जाणवतं. थोडं आणखी खोल गेलं, हाडाच्या भागाजवळ, की घुमणं कमी होतं. तोंडाशी अडकलेलं मोठं रबर यातही सगळ्यात वाईट. उरलेलं तुमच्या मॉनिटरवाल्याला सांगा: तुमच्या आवाजात तळाचं थोडं कमी, रिव्हर्ब किंचित, आणि प्रेक्षकांकडे तोंड केलेला एक माइक तुमच्या मिक्समध्ये. आठवडाभरात कान सरावतो.

टिपा मागवण्याआधी इअरफोनच्या नळीचं, म्हणजे रबर जिच्यावर चढतं तिचं, माप बघा, हे लोक हमखास विसरतात. शूर, एटिमोटिक या कंपन्यांच्या नळ्या बारीक, तीन मिलिमीटरच्या आसपास. इतर बऱ्याच इअरफोनच्या पाच-सहा. बारीक नळीसाठीची टिप जाड नळीवर चढत नाही. उलट केलंत तर ती चढते आणि कानात राहते. माझ्या एका सहकाऱ्याने दुसऱ्याच सेटचं सैल रबर अंदाजाने लावलं होतं. मध्यंतरात इअरफोन ओढला, नुसती नळी बाहेर आली. विंगेत टॉर्चच्या उजेडात कोणीतरी चिमटा शोधून आणला, तो रबर पकडायला गेला आणि ते आणखी आत सरकलं. दुसरा अंक त्याने एका कानाने वाजवला आणि रात्री कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मिनिटभरात ते काढलं. तेव्हा नळीला टोकाशी बारीक कड आहे का बघा, रबर लावून ओढून बघा, आणि राहिलंच आत तर चिमटा, हेअरपिन काही घालू नका.

काय मागवायचं? पहिल्या फेरीत महाग काही नको. साध्या सिलिकॉनचे सगळे नंबर असलेली एक पिशवी आणि मधल्या नंबरच्या फोमच्या दोन जोड्या. यात तुमचा नंबर आणि जात कळेल. कळल्यावर मग हवं तर नावाजलेल्या टिपा घ्या. फायनल कंपनीच्या टाइप ई टिपांमध्ये पाच नंबर मिळतात, म्हणजे दोन नंबरांच्या मध्ये अडकलेल्या कानाला जागा सापडते. स्पिनफिट कंपनीच्या टिपेची मान लवचिक असते, नळी ज्या कोनात जाते त्या कोनात टोक वळतं; इअरफोनचं अंग मोठं असून तिरपं बसत असेल तर तिचा उपयोग होतो. अशा एका जोडीची किंमत कधी कधी स्वस्तातल्या अख्ख्या इअरफोनएवढी असते. नंबर माहीत नसताना ती घेणं म्हणजे पायाचं माप न घेता ऑनलाइन चप्पल मागवणं.

वायरही बघून घ्या. कानामागून घेऊन पाठीकडे गेलेली, मानेशी सरकवून बसवलेली आणि शर्टाच्या कॉलरला चिमटा लावलेली असेल तर डोकं वळवताना ओढ कानावर येत नाही. डावा निसटण्यात पॅक डाव्या कमरेला असणं हेही कारण असू शकतं.

गळक्या रबराचा आणखी एक परिणाम तुमच्या नकळत होत असणार: बेस ऐकू येत नाही म्हणून तुम्ही पॅकचा आवाज वाढवत असाल. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९० ला तो आठवड्याचे चार तास उरतो, म्हणजे एक कार्यक्रम आणि एक तालीम. सील नीट झाल्यावर आवाज आधी पूर्ण खाली आणा आणि तिथून वर चढा, जुन्या खुणेवर ठेवू नका. आणि एक कान काढून गायची सवय असेल तर ती मोडा. उघड्या कानात ड्रम शिरतो आणि भरपाई म्हणून दुसऱ्या कानाला मार बसतो.

तेव्हा आज रात्री एवढंच करा: उजव्याला आहे तेच रबर, डाव्याला एक नंबर लहान, पाळी ओढून, ठेका लावून, तोंड उघडून. धा धाच राहिला तर झालं. नाही राहिला तर डाव्याला फोम. आणि दोन नंबर ठरले की दोन रंगांची रबरं घ्या, उजव्याला लाल. विंगेतल्या अंधारात, एंट्रीला अर्धा मिनिट उरलेला असताना, बोटांना लहान-मोठं कळत नाही.